दाब आणि ठिणगी

मोठ्या लॉरीचं नाही, पिकअपचंच बोलणं चाललंय.
दीड टनाची, मागं उघडी.
खानापूर रोडच्या शोरूममध्ये दोन उभ्या आहेत, शेजारी शेजारी,
दोन्ही पांढऱ्या.
एकीच्या टाकीच्या झाकणावर डिझेल लिहिलंय,
दुसरीच्या पेट्रोल.
वरून एवढाच फरक.

विक्रीवाला पोरगा आधी कन्नडात बोलला, मग मराठीत,
मग कॅल्क्युलेटर पुढं केला.
कॅल्क्युलेटर दोन्ही भाषांत तेवढाच महाग.

उद्यमबागेत मी एकतीस वर्षं लायनर होन केले.
इंजिनाच्या पोटात बोट फिरवून
केसाइतकी चूक सांगायचो.
हजारो पोटं तपासली,
खरं एकही आख्खं इंजिन
माझ्या अंगणात आलं नाही.
फाउंड्रीनं पगार दिला आणि कान ठेवून घेतले,
आधी डावा,
मग हप्त्याहप्त्यानं उजवा.

म्हणून मी डिझेलच्या बाजूचा.
डिझेल मला तळपायातून ऐकू येतं.
बॉनेटवर हात ठेवला तर
कुठला सिलिंडर आळशी, तेही कळतं.
दुसरीवर हात ठेवला आणि म्हटलं,
"वैजू, चालू कर की."
"चालूच आहे, आप्पा."

पेट्रोलला ठिणगी लागते,
कुणीतरी पेटवावं लागतं.
डिझेलला ते चालत नाही. आत हवा दाबायची,
अजून दाबायची,
इतकी, की तिची तीच तापून उठते.
आमच्या घराण्यात सगळे डिझेल.
वैजूची आई सोडून.
ती पहिल्या किल्लीला पेटायची
आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाईतो थंड.

"दर बघ," मी म्हटलं. "शिनोळीत एक, सुळग्यात एक.
मधे चार शेतं.
जिकडं स्वस्त तिकडं भरायचं.
आपण कुठल्या राज्यात, ते टाकीला कुठं कळतंय?"
"दर बदलतात, आप्पा. मी रोज कशाला बघू?"

मग मी चोर्ल्याचा घाट काढला.
तो माझा हुकमाचा पत्ता.
बेकिनकेऱ्याची रताळी, तीस पोती,
जांबोटी, कणकुंबी, पुढं वळणावर वळण.
"पेट्रोलला दम लागंल गे."

तिनं गुडघ्यावरची वही उघडली.
बाहेरच्या रेघा नेहमीच्याच, भाजीच्या.
"भरलेली जाते ती उतरते, आप्पा.
गोवा खाली आहे.
चढायला येताना नुसते रिकामे क्रेट असतात."

एकतीस वर्षांत हे मला सुचलं नव्हतं.
आणि उतारावर पेट्रोलचं इंजिन
गाडीला जास्त धरून ठेवतं,
हे मला ठाऊक होतं.
सांगितलं नाही.

"तो सीझन दोन महिने," ती म्हणाली.
"उरलेले दहा महिने शहापूर, वडगाव, टिळकवाडी.
अकरा दुकानं, दर दोन मिनिटांनी थांबा.
असल्या फिरण्यात डिझेलचा फिल्टर चोंदतो.
लाल दिवा लागला की हायवेवर पळवून आणायची,
रिकामी, नुसती धूर जाळायला.
तेवढा वेळ कुणाकडं आहे?
आणि पहाटे साडेतीनला
आख्खी गल्ली कशाला उठवू?"

पेट्रोल घेतली.
पेढे बसवराजनंच वाटले,
मी एक जास्त घेतला, हरल्याचा.

आता ती कधी निघते, मला कळत नाही.
कितीदा ठरवतो उठायचं.
सातला बाहेर येतो तेव्हा
अंगण दवानं ओलं,
मधे गाडीएवढा कोरडा चौकोन.
चपला काढून मी त्यात उभा राहतो.
तळपायांना काही ऐकू येत नाही,
नुसती ऊब. तीही कदाचित माझीच.

डिझेलच घ्यायला हवी होती,
असं मी अजून म्हणतो,
रात्री जेवताना, ती दमून आल्यावर मुद्दाम.
ती माझ्याकडं तोंड करून सावकाश बोलते,
ओठ दिसावेत म्हणून.
"भाकरी वाढू?"